डावखुऱ्या हाताचा कलमी चाकू: घडवून घ्यायचा की तयार आणायचा?

पार्श्वभूमी

हे प्रकरण दापोली तालुक्यातल्या एका घरगुती नर्सरीचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चाकू, पोलाद, खर्च आणि झालेल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. नर्सरी माझ्या मोठ्या काकांची. घरात आणि गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात. कृषी पदवी घेतल्यापासून तिथली खरेदी, हिशेब आणि नोंदी मी बघते.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दापोली-मंडणगडच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. पन्नास-साठ वर्षांची हापूसची झाडं मुळासकट उपटली गेली. त्यानंतरच्या वर्षी ज्यानं त्यानं नव्यानं लागवड करायला घेतली. आमच्याकडे एरवी मोसमाला आठ-दहा हजार कलमं बांधली जायची, 2021 साठी पंधरा हजारांची नोंदणी झाली. बांधणीला तात्या, दोन अनुभवी बायका आणि एक तरुण मुलगा, एवढेच हात.

कोय कलमाला मुहूर्त असतो. रुजलेल्या कोयीतून वर आलेलं रोप तांबूस आणि लुसलुशीत असतं तोवर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांच्या आत, त्यावर काडी चढवावी लागते. काडी मातृवृक्षावरच्या तीन-चार महिने वयाच्या फांदीची. तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटायची, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. मग काडीच्या बुडाला दोन्ही अंगांनी तिरपा काप देऊन दीड-दोन इंचांची पाचर करायची, रोपाचा शेंडा उडवून मधोमध चीर द्यायची, पाचर त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून बांधायचं. सालीखालचा हिरवा थर दोहोंचा जुळला तर कलम लागतं. काप उघडा राहिला की बघता बघता तपकिरी पडतो, म्हणून हात थांबवून चालत नाही.

या कामाचं अर्धं यश पात्यात असतं. पाचरेचा काप एका ओढीत आणि आरशासारखा सपाट यायला हवा. म्हणून कलमी चाकूचं पातं भाजीच्या सुरीसारखं दोन्हीकडून तासलेलं नसतं. एक अंग पूर्ण सपाट, दुसऱ्या अंगाला उतार, सुताराच्या पटाशीसारखं. सपाट अंग काडीला टेकतं आणि पात्याला सरळ वाट मिळते. हाच चाकू डावखुऱ्या माणसाच्या हातात दिला की उताराचं अंग काडीकडे जातं. पातं मधेच वर उसळतं आणि काप पन्हळीसारखा खोलगट पडतो. तशी पाचर चिरेत बसवली की मधे पोकळी राहते आणि दहा-बारा दिवसांत काडी काळी पडते.

तात्या डावखुरे आहेत.

त्यांचा चाकू 1986 साली दापोलीच्या बाजारातल्या एका लोहारानं घडवला होता. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पोलाद, शिसवीची मूठ, पितळी रिव्हेट आणि उतार उलट्या अंगाला. मिटता चाकू, कारण काड्या आणायला तात्या झाडावर चढतात आणि उघडं पातं कमरेला लावून आंब्यावर चढणं त्यांना कधीच पटलं नाही. मिटला की चाकू सदऱ्याच्या खिशात. पस्तीस वर्षं पाजवून पाजवून पात्याची रुंदी निम्मी झाली होती. रोज संध्याकाळी ते पातं पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचे आणि मगच हातपाय धुवायचे.

अडचण

2021 च्या जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, मोसम नुकता सुरू झालेला असताना, चाकू मिटवताना टक् असा आवाज आला. मुठीच्या पाठीतली पट्टी मधोमध तुटली होती. मिटत्या चाकूत ही पट्टी म्हणजे सगळा जीव. ती पात्याच्या मुळावर दाबून बसलेली असते, म्हणूनच उघडलेलं पातं उघडं राहतं आणि मिटलेलं मिटलेलं. पट्टी गेली की पातं लोंबकळतं. कापताना ते बोटांवर मिटण्याची भीती राहते.

ज्यांनी चाकू घडवला ते लोहार वारले होते. त्यांचा मुलगा ग्रिल आणि शेडच्या वेल्डिंगचं काम करतो. त्यानं बिचाऱ्यानं मनापासून एक पट्टी कापून, तापवून, पाणी देऊन, म्हणजे एकदम थंड करून कडक करून, बसवली. दुसऱ्याच दिवशी तीही तुटली. पाणी जास्त चढलं होतं आणि नंतर पुन्हा मंद तापवून नीट उतरवलं गेलं नव्हतं, त्यामुळे पट्टी काचेसारखी ठिसूळ झाली. "वडलांचा हात माझ्याकडे नाय," एवढंच तो म्हणाला आणि पैसे घेतले नाहीत.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कटरचा. पातं पुढे सरकवून बोथट टोक मोडून टाकायचं ते, स्टेशनरीच्या दुकानातलं. आमच्याकडच्या दोघी बायका कोवळ्या रोपांवर बरेचदा तेच वापरतात आणि त्यांची कलमं उत्तम लागतात. मात्र पातं पातळ असल्यानं जून काडीत ते वाकतं आणि काप लाटेसारखा येतो. काजूच्या मृदुकाष्ठ कलमाला तर त्याचा काही उपयोग नाही. तात्यांनी दहा काड्या कापून बघितल्या आणि कटर परत दिला.

दुसरा, कारखान्यातला तयार कलमी चाकू. या क्षेत्रात स्वित्झर्लंडचं व्हिक्टोरिनॉक्स आणि जर्मनीतल्या रॉयटलिंगेनचं टिना ही नावं जगभरचे नर्सरीवाले घेतात. आपल्याकडे शेतीच्या दुकानांत मिळतात ते बहुतेक उजव्या हातासाठी तासलेले. डाव्या हाताचे चाकू जर्मनीत बनतात. माझी एक मावसबहीण तिकडेच असते, पण ती डिसेंबरशिवाय येणार नव्हती. कलमं डिसेंबरपर्यंत थांबत नाहीत.

तिसरा, साधा तयार खिशातला चाकू, दोन्हीकडून तासलेला, घेऊन त्याचं एक अंग घासून सपाट करायचं. पुण्याच्या दुकानात त्या वेळी असा चांगला चाकू 1,450 रुपयांना मिळाला. फ्रान्समधल्या ओपिनेलसारखे लाकडी मुठीचे चाकूही बघितले. 1890 पासून चालत आलेलं ते घडण मला फार आवडतं. मुठीच्या तोंडाशी असलेली कडी फिरवून पातं पक्कं करण्याची युक्ती त्यांनी 1955 मध्ये आणली आणि आजही ती वापरात आहे. पण कोकणच्या पावसात लाकडी मूठ फुगली की पातं खाचेत रुतून बसेल अशी मला धास्ती वाटली, म्हणून तो विचार सोडला.

चौथा, हातानं घडवून घेतलेला चाकू. पुण्याजवळ एक तरुण कारागीर आहे. यंत्रांच्या सुट्या भागांची नोकरी सोडून पूर्णवेळ चाकू करतो. मिटते चाकू करणारे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कारण सरळ पात्याच्या सुरीपेक्षा त्यात कितीतरी जास्त नेमकं काम लागतं. पातं, पट्टी आणि खीळ या तिघांचं जुळणं केसभर चुकलं तरी पातं डगमगतं. त्यानं 11,000 रुपये सांगितले, निम्मे आगाऊ, आणि पाच महिने. हवी ती मूठ, हवा तो उतार, नखाची खाच हवी त्या अंगाला.

पाचवा पर्याय त्यानंच पुढे केला, आणि या प्रकरणात मी सर्वात जास्त विचार त्याचाच केला आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

कायद्याचा मुद्दाही तपासला, कारण चाकू कुरियरनं येणार आणि तात्या एसटीनं बागांवर जाणार. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात आणि घरकाम, शेती, उद्योगाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. आमचं पातं अडीच इंचांचं. बटण दाबून उघडणारा चाकू मात्र नको, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. तसल्या चाकूकडे पोलिसांचं लक्ष जातं आणि या कामात त्याचा काही फायदाही नाही.

काय ठरवलं आणि का

दोघी बायका आणि तो मुलगा उजव्या हाताचे. त्यांच्यासाठी तयार कलमी चाकू आणायचं पाच मिनिटांत ठरलं, तीन चाकू आठवड्यात आले आणि आजही चालू आहेत. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही. हात सर्वसाधारण असेल आणि काम ठरीव असेल तर कारखान्याच्या चाकूला तोड नाही. सगळे एकसारखे. एक हरवला तर तसाच दुसरा मिळतो.

तात्यांसाठी मी दोन्ही गोष्टी केल्या. चालू मोसमासाठी तयार चाकू घासून घ्यायचा आणि पुढच्या मोसमासाठी पुण्याच्या कारागिराकडे चाकू टाकायचा. मनात भेट द्यायचा विचार होता. पस्तीस वर्षं या माणसानं लोकांच्या बागा उभ्या केल्या, त्यांच्या हातासाठी कुणीतरी एक वस्तू नीट बसून करावी, असं मला मनापासून वाटत होतं. आजही वाटतं.

मापासाठी मी तुटका चाकू कारागिराला पाठवला. तो मिळाल्यावर त्याचा फोन आला.

"ताई, या चाकूची फक्त पट्टी गेलीय. पातं झिजलंय, पण अजून पाच-सात वर्षं सहज चालेल. पट्टी बनवायला मला आठवडा पुरे. आधी हे दुरुस्त करून पाठवू का?"

पाचवा पर्याय तो हाच. मी नको म्हणाले. पातं इतकं झिजलेलं, खर्च कशाला, आणि आता नवीन होतोच आहे, असं काहीतरी उत्तर दिलं. तात्यांना विचारलं नाही. फोन आला होता हेही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर भेटीची गोष्ट फुटली असती.

दुसरा निर्णय पोलादाचा. कारागिरानं दोन पोलादं सुचवली. एक ईएन 31, म्हणजे बॉल बेअरिंगचं. एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम. तेलात पाणी देऊन साधारण 200 अंशांवर उतरवलं की 60 रॉकवेलच्या (रॉकवेल म्हणजे कठीणपणाचं माप) आसपास बसतं, अगदी बारीक धार घेतं, पण गंजतं. दुसरं डी 2, टूलरूममध्ये ज्याला एचसीएचसीआर म्हणतात. दीड टक्का कार्बन आणि सुमारे 12 टक्के क्रोमियम. हे सहजी गंजत नाही, धार खूप टिकते, पण पाजवायला वेळ खातं. पावसाळ्याचं काम, खारी हवा, आंब्याचा चीक, हे सगळं डोळ्यांसमोर आणून मी डी 2 निवडलं. कागदावर ते बरोबरच होतं.

पात्यावर दमास्कसची, म्हणजे वेगवेगळ्या पोलादांच्या थरांची लहरी नक्षी करून घ्यावी असाही मोह झाला होता. कारागिरानंच थांबवलं. "रोज दगडावर चढणारं पातं आहे ताई, नक्षी दोन महिन्यांत जाईल आणि पैसे मात्र दुप्पट होतील," असं तो म्हणाला. स्वतःची कमाई बुडवून सांगितलेली ही गोष्ट मी विसरलेले नाही.

प्रत्यक्षात काय घडलं

तयार चाकूचं एक अंग सपाट करायला मी तो चिपळूणच्या एका वर्कशॉपमध्ये दिला. संध्याकाळी हातात आला तेव्हा छान चकचकीत दिसत होता, फक्त धारेच्या कडेला निळसर छटा होती. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. ग्राइंडरवर पातळ कड 300 अंशांच्या आसपास तापली की पोलाद निळं पडतं आणि तिथलं पाणी उतरतं. तात्यांनी वीस काड्या कापल्या आणि पातं माझ्यासमोर धरलं. अंगठ्याचं नख धारेवरून फिरवलं तर धार वळलेली जाणवत होती.

दुसरा चाकू मागवला. तो येईपर्यंत 22 जुलै उजाडला आणि वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. बाजारपेठ, कारखाने, घरं, सगळं पाण्यात. ते वर्कशॉपही. त्यांचं झालेलं नुकसान बघता आपल्या चाकूचं नावही काढवेना.

म्हणून ते काम मी घरीच केलं. काचेच्या जाड तुकड्यावर पॉलिश पेपर पाण्यानं चिकटवला, पात्याचं जे अंग सपाट करायचं ते काळ्या मार्करनं पूर्ण रंगवलं आणि घासायला बसले. मार्कर जिथून पुसला जातो तिथे कागद लागतोय, काळं राहिलं तिथे अजून लागत नाही. पहिल्या संध्याकाळी फक्त पाठीकडची एक रेघ पुसली गेली. दुसऱ्या संध्याकाळी काळा पट्टा अर्ध्यावर आला. बोटांच्या टोकांची सालं गेली. पातं गरम वाटलं की पाण्यात बुडवायचं, पुन्हा मार्कर, पुन्हा घासायचं. तिसऱ्या रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटचा काळा ठिपका धारेच्या अगदी कडेवरून गेला आणि दुसऱ्या अंगाला बोटाला जाणवेल अशी बारीक बर, म्हणजे धातूची वळलेली कड, आली. तात्या शेजारी येऊन बसले, त्यांच्या दगडावर चार हात मारले, बर काढली आणि मनगटावरचे केस कापून बघितले.

"बाय, हा कापतो गो," ते म्हणाले.

त्या मोसमाचं काम त्याच चाकूवर झालं. पोलाद जरा मऊ असल्यानं दिवसातून चार-पाच वेळा दगडावर न्यावा लागायचा. स्विस पद्धतीचे असे चाकू साधारण 56 रॉकवेलला ठेवतात, म्हणजे धार लवकर जाते पण दोन मिनिटांत परतही येते. तात्यांना त्याचा त्रास झाला नाही. धार लावायला थांबायचे तेवढ्यात पाठ सरळ व्हायची आणि चहा व्हायचा.

घडवलेला चाकू जानेवारी 2022 मध्ये आला. वस्तू सुरेख होती. फणसाच्या लाकडाची मूठ, आमच्याच पडलेल्या झाडाचं लाकूड मी पाठवलं होतं. खिळीच्या जागी स्क्रू, म्हणजे सगळं सोडवून आतला चीक आणि माती साफ करता येईल. तात्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि नख घालून उघडायला गेले. उघडेना. पट्टी इतकी कडक होती की त्यांच्या संधिवाताच्या अंगठ्याला ती हलेना. दोन वेळा प्रयत्न करून त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी उघडला. मला सहज उघडला, आणि तेच मला लागलं.

चाकू परत गेला. कारागिरानं पट्टी पोटाकडून घासून 3 मिलिमीटरवरून 2.6 वर आणली. फरक कागदावर एवढासा दिसतो, पण पट्टीचा जोर तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे तेवढ्या घासण्यानं जोर तिसऱ्या हिश्शानं उतरला. मार्चमध्ये चाकू पुन्हा आला आणि तात्यांच्या अंगठ्यानं उघडला.

मग धारेचा प्रश्न आला. तात्यांचा दगड म्हणजे त्यांच्या वडिलांच्या वेळचा नैसर्गिक दगड, मधे खोलगट झालेला. डी 2 त्यावर नुसतं सरकायचं. त्या पोलादात क्रोमियमचे कठीण कण ठासून भरलेले असतात आणि साध्या दगडाला ते दाद देत नाहीत. मी हिऱ्याची पट्टी आणून दिली. त्यांनी आठवडाभर ती वापरली. त्यानंतर एका संध्याकाळी ओटीवर बसल्या बसल्या अगदी शांतपणे म्हणाले, "दगड झिजतोय, पातं नाय. मला धार लावताना हाताला कळायला हवं गो, कधी लागली ते."

मी विचारलं, "पण तात्या, गंजाचं काय?"

"माझा चाकू गंजलेला कधी बघितलास?"

बघितला नव्हता. आंब्याच्या चिकानं पातं काळं पडायचं, पण तो गंज नव्हता. चिकातलं टॅनिन आणि लोखंड मिळून तो काळा थर होतो आणि उलट खालच्या पोलादाला थोडा आडोसाच देतो. पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी खोबरेल तेलाचं बोट फिरवणाऱ्या माणसासाठी मी सहजी न गंजणारं पोलाद निवडलं होतं. त्यांना कधी नसलेली अडचण मी सोडवली होती, आणि त्यांना रोज लागणारी गोष्ट, दगडावर दोन मिनिटांत येणारी धार, तेवढ्यासाठी घालवली होती.

स्क्रूची रचना इथे कामाला आली. कारागिरानं त्याच मापाचं ईएन 31 चं दुसरं पातं करून दिलं, 2,500 रुपये जास्तीचे. ते मेमध्ये आलं. त्याच पार्सलात जुना चाकूही परत आला, नवी पट्टी घातलेला. दुरुस्तीचे पैसे त्यानं लावले नव्हते. सोबत चिठ्ठी होती. वर्षभर टेबलावर पडून होता, बघवेना, म्हणून केला, असं त्यात लिहिलं होतं.

तो चाकू बघून तात्यांचा चेहरा कसा झाला ते मला नीट लिहिता येणार नाही. त्यांना वाटत होतं तो हरवला. हा वर्षभरापूर्वीच एका आठवड्यात होणार होता, हे मी तेव्हा त्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विचारायचंस ना."

परिणाम

2022 पासून तात्या दोन चाकूंनी काम करतात. काडीची पाचर करायला घडवलेला नवा, ईएन 31 च्या पात्याचा. त्याचं पातं रुंद आहे, लांब ओढीत सरळ जातं. रोपाला चीर द्यायला जुना. झिजून अरुंद झालेलं ते पातं कोवळ्या खोडात असं उतरतं की खोड फाटत नाही. नव्याचं पातं आता पूर्ण काळं आहे आणि फणसाची मूठ हाताच्या घामानं तांबूस झाली आहे. मोसमात दर पंधरा दिवसांनी मी स्क्रू सोडवून आतला चीक काढते.

कलमं लागण्याचं प्रमाण चाकूमुळे वाढलं का, असं मला नोंदवही दाखवून विचारतात. त्याचं उत्तर देता येत नाही. त्या दोन वर्षांत पाऊस वेगळा होता, काड्या वेगळ्या झाडांच्या होत्या आणि 2021 मध्ये घाईही जास्त होती. दिसलं ते एवढंच, की पहिल्या कापात बिघडून फेकलेल्या काड्यांचा ढीग तात्यांच्या पाटाशेजारी छोटा झाला आणि संध्याकाळी त्यांचा अंगठा शेकावा लागणं बंद झालं.

खर्चाचा हिशेब असा. घडवलेला चाकू आणि दुसरं पातं मिळून 13,500. दोन तयार चाकू, त्यातला एक वाया गेलेला, 2,900. कुरियर वेगळं. जुना चाकू दुरुस्त करून आणि तो एक घासलेला तयार चाकू जोडीला ठेवून नर्सरीचं काम यातल्या लहानशा रकमेत भागलं असतं. तरीही घडवलेला चाकू घेतल्याचं मला वाईट वाटत नाही. डाव्या हाताचा, दुखऱ्या अंगठ्याचा, त्याच दगडावर पाजवता येणारा चाकू कुठल्याच दुकानात नव्हता. वाईट वाटतं ते ज्या क्रमानं गोष्टी केल्या त्याचं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात आधी, मोडलेल्या चाकूत नेमकं काय मोडलंय ते शोधायला हवं होतं. पट्टी मोडली होती आणि मी चाकूच नवा शोधायला निघाले. पट्टी नीट करू शकणारा माणूस सापडला तेव्हाही मी त्याला नको म्हटलं. 2021 चा तो सबंध मोसम तात्या जुन्या चाकूनं करू शकले असते.

मागणी मोसमाच्या तोंडावर नोंदवली, तीही चूक. घडवलेल्या मिटत्या चाकूला पाच महिने म्हणजे कमीत कमी पाच महिने, आणि एकदा परत जाईल हे धरूनच चालावं. पावसाळ्यात वापरायचा तर आदल्या वर्षीच्या 15 ऑगस्टच्या आत सांगावं, म्हणजे संक्रांतीला हातात येतो, होळीपर्यंत दुरुस्त होतो.

भेट गुपित ठेवण्याचा हट्ट नडला. पट्टी किती कडक, मूठ किती जाड, पोलाद कोणतं, नखाची खाच कुठे, या चारही प्रश्नांची उत्तरं तात्यांच्या हातात होती. मी ती माझ्या डोक्यातून दिली. नुसता चाकू आणि दगड घेऊन त्यांना कारागिराशी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बसवलं असतं तरी जानेवारीत आलेला चाकूच शेवटचा ठरला असता. पुढे त्या दोघांचं बोलणं झालं तेव्हा कारागिरानं पहिलाच प्रश्न विचारला, "काका, धार कशावर लावता?" तो प्रश्न पोलाद ठरवण्याआधी व्हायला हवा होता, आणि मी मधे नसते तर झाला असता.

ग्राइंडरबद्दलही एक सांगायला हवं. पातळ पातं कुणाला घासायला द्यायचं असेल तर आधी विचारावं की पाणी सोडत घासणार का. निळी कड दिसली तर धारेपासून तेवढा भाग पूर्ण झिजेपर्यंत ते पातं कामाचं नाही. आमचं तर तेवढं रुंदही नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात बांधणीला गावातली एक मुलगी नव्यानं लागली. तीही डावखुरी. या वेळी मी कुणाला फोन केला नाही. तात्यांचा जुना चाकू, घडवलेला चाकू आणि 2021 चा तो घासलेला तयार चाकू, असे तिन्ही तिच्यासमोर ठेवले, शंभर वाया काड्या दिल्या आणि तात्यांना शेजारी बसवलं. दुपारपर्यंत ती कापत होती. घडवलेल्याची मूठ तिच्या लहान हाताला जाड झाली. जुन्याची तिला भीती वाटली. तिनं घासलेला तयार चाकू उचलला. मधल्या दोन वर्षांत त्याच्या सपाट अंगाला थोडा गोलवा आला होता, म्हणून त्या रात्री मी काच, पॉलिश पेपर आणि काळा मार्कर पुन्हा काढला.